जिथे काम, तिथला कायदा : युरोपची एक बाजारपेठ आणि अनेक कल्याणकारी राज्ये

पेन्शन, आजारपणाचा विमा, बेकारभत्ता, बाळंतपणाची रजा, किमान वेतन या सगळ्या सोयींना हद्द लागते. वर्गणी कोणी भरायची, लाभ कोणाला मिळणार आणि कमी पडले तर कोणाच्या करातून भरून काढायचे, हे ठरल्याशिवाय कल्याणकारी राज्य उभे राहत नाही. आणि ते आजवर देशाच्या सीमेच्या आतच ठरत आले आहे. बाजारपेठ एक करायची म्हटले की मात्र नेमकी हीच सीमा पुसावी लागते. माल, भांडवल, सेवा आणि माणसे शेजारच्या देशात बिनअडथळा जावीत, परक्याला केवळ परका म्हणून अडवू नये, हा तिचा पहिला नियम असतो. शेजारी देशांनी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या ठरवल्या तर काय होते, याचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत खोल प्रयोग युरोपात झाला. १९५७ साली सहा देशांनी मांडलेल्या या डावात आज सत्तावीस देश आहेत. त्यांची बाजारपेठ एक आहे, बहुतेकांचे चलनही एक आहे. कल्याणाच्या व्यवस्था मात्र सत्तावीस आहेत.

या व्यवस्थांची घडणही वेगवेगळी. जर्मनीत बिस्मार्कच्या काळापासून, म्हणजे १८८३ पासून, कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालणारा विमा रुजला. आता बाहेर पडलेल्या ब्रिटनने १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर सरकारी तिजोरीतून चालणारी, सर्वांना खुली आरोग्यसेवा उभारली. डेन्मार्क-स्वीडनने चढे कर आणि बलाढ्य कामगार संघटना यांच्या आधारावर आपले घर बांधले. पूर्वेकडच्या देशांत समाजवादी राजवटी कोसळल्यावर जुन्या सोयींचे जे उरले ते डागडुजी करून चालवले गेले. उत्पन्नातली दरी तर डोळ्यांत भरणारी : जानेवारी २०२४ मध्ये लक्झेंबर्गचे किमान वेतन महिन्याला २,५७१ युरो होते आणि बल्गेरियाचे ४७७ युरो. हे दोन्ही देश एकाच बाजारपेठेत आहेत आणि दोघांच्याही नागरिकांना एकमेकांच्या देशात काम करण्याचा हक्क आहे.

अशा परिस्थितीत तंटे होणारच. ते सोडवण्यासाठी युरोपला एक साधे सूत्र सापडले होते : जिथे काम, तिथला कायदा. माणूस कोणत्याही गावचा असो, ज्या देशात तो राबतो त्या देशाची मजुरी त्याला मिळावी, तिथल्या विम्याची वर्गणी त्याने भरावी आणि तिथलेच लाभ त्याला मिळावेत. त्यामुळे येणाऱ्यावर अन्याय होत नाही आणि स्थानिक कामगाराच्या मजुरीखाली सुरुंगही लागत नाही. गेल्या सात दशकांतले जवळजवळ सगळे मोठे वाद या सूत्राला पाडलेल्या अपवादांभोवती फिरले आहेत. विषयात शिरण्यासाठी हा धागा हाती धरणे सर्वांत सोयीचे.

सूत्राची सुरुवात कोळशाच्या खाणीत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमला खाणीत उतरायला माणसे मिळेनात आणि इटलीकडे कोळसा नव्हता. १९४६ च्या जूनमध्ये दोन्ही सरकारांनी करार केला : इटलीने पन्नास हजार मजूर पाठवायचे आणि बदल्यात बेल्जियमने कोळसा द्यायचा. दक्षिण इटलीतली तरुण मुले आगगाड्यांतून उत्तरेला आली आणि अनेकांना युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये राहावे लागले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील ब्वा द्यु काझिये खाणीत आग लागली. २६२ कामगार दगावले. त्यांपैकी १३६ इटालियन होते. परदेशी मजुराच्या जिवाची, त्याच्या मागे राहिलेल्या बायकामुलांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या ऑगस्टमध्ये साऱ्या युरोपसमोर उभा राहिला. नेमक्या त्याच महिन्यांत सामाईक बाजारपेठेच्या वाटाघाटी चालल्या होत्या.

त्या वाटाघाटींत दोन मते होती. फ्रान्सचे म्हणणे असे, की आमच्याकडे स्त्री-पुरुषांना समान वेतनाचा कायदा आहे, भरपगारी सुट्ट्या जास्त आहेत, जादा कामाचा मोबदला चढा आहे. शेजाऱ्यांनी हे नियम पाळले नाहीत तर त्यांचा स्वस्त माल आमचे कारखाने बंद पाडील. दुसरे मत स्वीडिश अर्थतज्ज्ञ बर्टिल ओलिन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी १९५६ मध्ये मांडले. मजुरीतला फरक मुख्यतः उत्पादकतेतल्या फरकामुळे असतो; व्यापार वाढला की गरीब देशांची उत्पादकता वाढेल आणि मजुरी आपोआप वर येईल, म्हणून सामाजिक कायदे एकसारखे करण्याची गरज नाही, असा या समितीचा निष्कर्ष होता. मार्च १९५७ मध्ये झालेल्या रोम कराराने ओलिन यांचा मार्ग पत्करला. फ्रान्सच्या समाधानासाठी समान वेतनाचे एक कलम, ११९ वे, तेवढे ठेवले गेले.

हे कलम बरीच वर्षे कागदावर पडून होते. १९६६ मध्ये बेल्जियमच्या एर्स्ताल गावातल्या शस्त्रांच्या कारखान्यात सुमारे तीन हजार स्त्रियांनी त्याचा आधार घेऊन बारा आठवडे संप केला. पुढे चाळिशी गाठली म्हणून नोकरीतून काढलेल्या एका बेल्जियन हवाई सेविकेने दावा लावला आणि १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की हे कलम थेट लागू आहे, कोणत्याही न्यायालयात त्यावरून दाद मागता येते. व्यापारातली स्पर्धा सारखी राहावी म्हणून घातलेल्या कलमातून लक्षावधी स्त्रियांचा हक्क निघाला. एकत्रीकरण कल्याणाच्या मुळावरच उठते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

मार्सिनेलच्या प्रश्नाचे उत्तर रोम कराराच्या ५१ व्या कलमात आले आणि त्यावरून १९५८ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या दोन नियमावल्या झाल्या. युरोपीय समुदायाची पहिली नियमावली कामकाजाच्या भाषांविषयी होती. या दोन क्रमांक ३ आणि ४ च्या. कस्टमच्या भिंती अजून पडायच्या होत्या, तेव्हाच परदेशी मजुराच्या पेन्शनची सोय लावली गेली होती. तिची तत्त्वे चार. एका वेळी एकाच देशाचा कायदा लागू. त्या देशात स्थानिक आणि परका यांना सारखी वागणूक. निरनिराळ्या देशांत भरलेल्या वर्गणीच्या वर्षांची बेरीज. आणि कमावलेली पेन्शन मायदेशी परत गेल्यावरही मिळण्याची हमी. समजा, एखादा मजूर दहा वर्षे इटलीत, बारा वर्षे बेल्जियममध्ये आणि आठ वर्षे जर्मनीत राबला. पेन्शनची पात्रता ठरवताना प्रत्येक देश त्याची तीस वर्षे धरतो आणि आपापल्या वर्षांच्या प्रमाणात रक्कम देतो. १९७१ आणि २००४ मध्ये या नियमावल्या नव्याने लिहिल्या गेल्या, चौकट मात्र तीच राहिली. युरोपने गरिबासाठी केलेल्या कामांत याहून टिकाऊ काम क्वचितच सापडेल. आणि त्याच्यावर फारसे कोणी बोलत नाही, कारण ते मुकाट चालते.

पहिली तीस वर्षे ही वाटणी तशी सुखाने नांदली. व्यापाराचे नियम ब्रुसेल्समध्ये, कल्याणाचे नियम आपापल्या राजधानीत. सहाही देश साधारण एका तोलाचे होते. दक्षिण इटली तेवढा गरीब. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांनी १९६० मध्येच ‘बियाँड द वेल्फेअर स्टेट’ या पुस्तकात पाश्चिमात्य कल्याणकारी राज्य स्वभावतः आपल्या राष्ट्रापुरते पाहते, अशी चिंता मांडली होती. पण भरभराटीच्या त्या काळात ती कोणाला जाचली नाही.

तोल ढळला तो न्यायालयातून. १९६३ आणि १९६४ च्या दोन निकालांनी युरोपीय कायदा थेट लागू होतो आणि देशी कायद्याहून वरचढ आहे, असे ठरले. याचा परिणाम सावकाश उमगला. देशी नियम बाजाराच्या आड येतो असे वाटले की कोणीही व्यापारी खटला भरू शकतो आणि तो जिंकला की नियम पडतो. त्या जागी सर्व देशांना लागू होईल असा नवा सामाजिक नियम आणायचा तर मात्र बहुतेक सरकारांची संमती हवी. सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत तर एकमत हवे. जर्मन राज्यशास्त्रज्ञ फ्रिट्झ शार्फ यांनी ही विषमता सर्वांत स्पष्टपणे दाखवली. अडथळे पाडणारे एकत्रीकरण न्यायाधीश करू शकतात, बांधणारे एकत्रीकरण करायला राजकारण लागते आणि ते पंधरा किंवा सत्तावीस सरकारांच्या टेबलावर अडते. युरोपातल्या सामाजिक असंतोषाची बरीच मुळे या एका यंत्रणेत आहेत. त्यासाठी कोणाच्या दुष्ट हेतूची गरज नाही.

आरोग्यसेवेचे उदाहरण पाहावे. लक्झेंबर्गच्या एका रहिवाशाला मुलीचे दात सरळ करून घ्यायचे होते आणि ते त्याला सीमेपलीकडे जर्मनीतल्या ट्रिअर शहरात करायचे होते. विमा मंडळाने आधी परवानगी घ्या म्हटले आणि ती नाकारली. १९९८ मध्ये न्यायालयाने ठरवले, की दवाखाना हीसुद्धा सेवाच. सेवा मुक्तपणे घेता आली पाहिजे. रुग्णाच्या दृष्टीने निकाल सोयीचा होता. पण आपल्या देशात किती डॉक्टर, किती खाटा, कोणाला रांगेत कुठे उभे करायचे याचे गणित मांडून चालणाऱ्या सरकारी व्यवस्थांना घाम फुटला. रुग्ण बाहेर जाऊन बिल मागू लागले तर हे गणित कसे टिकणार? तेरा वर्षांच्या खटल्यांनंतर २०११ च्या निर्देशात मधला मार्ग निघाला : साध्या उपचारांना मुभा, रुग्णालयात राहावे लागेल अशा किंवा महागड्या उपचारांना आधी परवानगीची अट घालता येईल.

राजकारणाने काहीच केले नाही असे नाही. १९८५ ते १९९५ या काळात युरोपीय आयोगाचे अध्यक्ष असलेले जाक देलोर यांनी १९९२ अखेर एकसंध बाजारपेठ पूर्ण करण्याचा कार्यक्रम आखला आणि त्याला सामाजिक बाजूही हवी, असा आग्रह धरला. सप्टेंबर १९८८ मध्ये ते इंग्लंडमधल्या बोर्नमथला ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात बोलले. तोवर युरोपकडे संशयाने पाहणारे कामगार नेते उठून टाळ्या वाजवू लागले. बाराच दिवसांनी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी बेल्जियमच्या ब्रूज शहरात उलट भाषण केले आणि सरकारी हस्तक्षेप मागल्या दाराने आत येऊ देणार नाही, अशा अर्थाची भूमिका घेतली. १९८९ ची कामगार हक्कांची सनद बारापैकी अकरा देशांनी स्वीकारली. ब्रिटन बाहेर राहिला आणि सनदेला कायद्याचे बळ मिळाले नाही.

‘जिथे काम, तिथला कायदा’ या सूत्राला पहिली मोठी भेग पडली ती रेल्वेच्या कामावर. फ्रान्समध्ये अटलांटिक किनाऱ्याकडे जाणाऱ्या जलदगती रेल्वेचे काम चालू होते. एका पोर्तुगीज कंत्राटदाराने आपले मजूर तिकडे नेले. पोर्तुगाल १९८६ मध्ये समुदायात आला होता, पण त्याच्या कामगारांना मुक्त संचाराचा हक्क अजून मिळायचा होता. म्हणून फ्रान्सने दंड केला. १९९० मध्ये न्यायालयाने म्हटले, की हे मजूर फ्रान्सच्या श्रमबाजारात शिरतच नाहीत. ते मालकाबरोबर येतात, काम करतात आणि परत जातात. तेव्हा हा प्रश्न कामगारांच्या संचाराचा नाही, कंपनीच्या सेवास्वातंत्र्याचा आहे. मात्र फ्रान्स आपले श्रमकायदे त्यांना लावू शकतो, हेही न्यायालयाने जोडले. यातून ‘पाठवलेला कामगार’ हा नवा वर्ग तयार झाला. तो परदेशात राबतो, पण त्याच्या विम्याची वर्गणी मायदेशी, तिथल्या दराने भरली जाते. १९९६ च्या निर्देशाने त्याला यजमान देशाचे किमान वेतन, कामाचे तास, सुट्ट्या आणि सुरक्षिततेचे नियम लागू केले. किमान वेतनाच्या वर स्थानिक कामगाराला जे मिळते, ते मात्र त्याला मिळायलाच हवे असे नव्हते. या फटीतून पुढे पुष्कळ काही वाहून गेले.

१ मे २००४ रोजी दहा नवे देश आले. त्यांतले आठ पूर्वीच्या समाजवादी गटातले. जुन्या सदस्यांना आपला श्रमबाजार सात वर्षांपर्यंत बंद ठेवण्याची मुभा होती. जर्मनी-ऑस्ट्रियाने ती पुरेपूर वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने दारे लगेच उघडली. ब्रिटनमध्ये वर्षाला निव्वळ पाच ते तेरा हजार माणसे येतील, असा अंदाज सरकारसाठी केलेल्या अभ्यासात होता. इतर मोठे देशही दारे उघडतील हे त्यात गृहीत धरलेले होते. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले ५ लाख ७९ हजार लोक मोजले गेले.

२००४ मध्येच आयोगाने सेवांविषयीचा नवा निर्देश मांडला होता. मसुद्याचे शिल्पकार आयुक्त फ्रिट्स बोल्कस्टाइन यांच्या नावाने तो ओळखला गेला. त्यातले मूळ तत्त्व सूत्राच्या नेमके उलटे होते : सेवा देणाऱ्याला त्याच्या मूळ देशाचा कायदा लागू. पोलंडच्या अटींवर स्वस्तात काम करायला येणारा ‘पोलिश प्लंबर’ हा शब्द फ्रान्समध्ये घरोघर गेला. २९ मे २००५ रोजी फ्रान्सने सार्वमतात युरोपीय राज्यघटनेचा करार फेटाळला, तीन दिवसांनी नेदरलँड्सनेही फेटाळला. मतदारांच्या मनात कारणे अनेक होती, पण मजुरी घसरण्याची धास्ती त्यांत ठळक होती. २००६ मध्ये सेवा निर्देश मंजूर झाला तेव्हा ते तत्त्व त्यातून गेले होते.

सगळ्यांत बोलका तंटा स्टॉकहोमजवळच्या वॅक्सहोम या लहान गावात घडला. तिथल्या शाळेच्या बांधकामाचे कंत्राट लावाल या लॅटव्हियन कंपनीच्या स्वीडिश उपकंपनीला मिळाले आणि लॅटव्हियाहून कामगार आणले गेले. स्वीडनमध्ये कायद्याने ठरवलेले किमान वेतन नाही. मजुरी ठरते कामगार संघटना आणि मालक यांच्या सामूहिक कराराने. आणि जो मालक करारावर सही करत नाही त्याच्या कामाची संघटना नाकेबंदी करते. स्वीडनच्या समाजजीवनाचा हा कणाच. बांधकाम कामगारांच्या संघटनेने करार मागितला, तासाला १४५ क्रोनर मजुरी मागितली. कंपनीने लॅटव्हियातल्या संघटनेशी केलेला करार पुढे केला. नोव्हेंबर २००४ मध्ये नाकेबंदी सुरू झाली, डिसेंबरपासून विजेची कामे करणाऱ्यांनी सहानुभूतीचा संप केला, काम थांबले आणि ती उपकंपनी दिवाळखोरीत निघाली.

या तंट्यात खलनायक शोधू नये. स्वीडिश संघटनेच्या दृष्टीने प्रश्न साधा होता : आज या शाळेवर कमी मजुरी चालली तर उद्या सगळ्या बांधकामांवर चालेल, आणि शंभर वर्षांत कमावलेले घरंगळत जाईल. रिगाहून पाहणाऱ्याला मात्र दिसत होते ते वेगळेच. श्रीमंत देशांचे भांडवल, बँका आणि दुकाने लॅटव्हियात आली, तेव्हा मुक्त बाजाराचे गुण गायले गेले. गरीब देशाची एकमेव जमेची बाजू म्हणजे स्वस्त मजुरी. ती वापरायची वेळ आली की दार बंद. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते आणि दोघांमध्ये निवाडा करणारे राजकीय व्यासपीठ नव्हते. उरले न्यायालय.

१८ डिसेंबर २००७ रोजी निकाल लागला. संपाचा हक्क मूलभूत आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण १९९६ च्या निर्देशातल्या किमान अटींपेक्षा अधिक मागण्यासाठी परदेशी कंपनीची नाकेबंदी करणे सेवास्वातंत्र्याला बाधक ठरवले. आठवडाभर आधी हेलसिंकी-टॅलिन मार्गावरच्या फिनिश बोटीवर एस्टोनियाचा झेंडा लावून स्वस्त खलाशी नेमण्याच्या वादातही असाच सूर लागला होता : संप करता येईल, पण तो समर्थनीय आणि प्रमाणात आहे का हे तपासले जाईल. संप म्हणजे मुळात मालकाला नुकसान सोसायला लावणे. त्याचे ‘प्रमाण’ न्यायाधीशांनी मोजायचे, ही कल्पनाच उत्तरेकडच्या कामगारांना धक्कादायक वाटली. २००९ मध्ये स्वीडनच्या श्रम न्यायालयाने संघटनांना नुकसानभरपाई द्यायला लावली. ज्या वर्तनाला देशी कायद्याची पूर्ण मान्यता होती, त्यासाठीच हा दंड होता. २००८ च्या एका निकालात जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याचा, सरकारी कामावर सामूहिक करारातलीच मजुरी द्यायची, हा नियमही पडला. तिथे तुरुंगाच्या बांधकामावर पोलिश उपकंत्राटदार ठरलेल्या मजुरीच्या निम्म्याहून कमी देत होता.

भेग बुजवायला दशक लागले. २०१६ मध्ये आयोगाने दुरुस्ती मांडली तेव्हा अकरा देशांच्या संसदांनी हरकत घेतली. डेन्मार्क सोडला तर सारे मध्य आणि पूर्व युरोपातले. तरीही २०१८ मध्ये नवा निर्देश झाला. आता पाठवलेल्या कामगाराला किमान वेतनापुरते न थांबता स्थानिक कामगाराला लागू असलेला सगळा मोबदला द्यावा लागतो आणि बारा महिन्यांनंतर, फार तर अठरा महिन्यांनंतर, यजमान देशाचे जवळजवळ सगळे श्रमकायदे लागू होतात. हंगेरी आणि पोलंडने आव्हान दिले. २०२० मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. विम्याची वर्गणी मात्र अजून चोवीस महिन्यांपर्यंत मूळ देशातच भरता येते. मालमोटारींचे चालक त्या निर्देशातून वगळले गेले आणि त्यांच्यासाठी २०२० मध्ये वेगळे नियम करावे लागले. नियम असूनही काय होते ते २०२३ मध्ये दिसले. जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेनच्या महामार्गावरच्या थांब्यावर थकलेल्या पगारासाठी चालकांनी आठवडेच्या आठवडे गाड्या उभ्या ठेवल्या. गाड्या पोलंडमधल्या मालकाच्या होत्या आणि चालक जॉर्जिया, उझबेकिस्तान अशा युरोपीय संघाबाहेरच्या देशांतले.

दुसरा मोठा वाद काम न करणाऱ्यांचा. कामगाराला पूर्ण हक्क, हे सूत्र स्पष्ट आहे. पण विद्यार्थी, बेकार, म्हातारे आईबाप यांचे काय? २००४ च्या निर्देशाने पायऱ्या बांधल्या. पहिले तीन महिने कोणालाही राहता येते, पण मदत देण्याचे बंधन यजमान देशावर नाही. त्यानंतर कामधंदा हवा, नाही तर स्वतःपुरता पैसा आणि आरोग्य विमा हवा. पाच वर्षांनी कायमचा हक्क. २०१४ च्या एका निकालात न्यायालयाने लाइपझिगमध्ये राहणाऱ्या, नोकरी न शोधणाऱ्या एका रोमानियन स्त्रीला मदत नाकारण्याचा जर्मनीचा अधिकार मान्य केला. ‘भत्त्यासाठी येणारे परके’ हे चित्र निवडणुकांत जितके चालले तितके वास्तवात सापडले नाही. येणारे बहुसंख्य लोक तरणेताठे होते आणि कामासाठी आले होते. ऑस्ट्रियाने २०१९ पासून, ज्यांची मुले पूर्वेकडच्या स्वस्त देशांत राहतात अशा कामगारांचा बालभत्ता तिथल्या महागाईप्रमाणे कमी केला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला. हे कामगार ऑस्ट्रियन सहकाऱ्यांइतकाच कर आणि तितकीच वर्गणी भरतात, मग लाभ कमी कसा, हा त्यामागचा सरळ विचार होता.

या संचाराची एक वाट गोव्यातूनही गेली. पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते. तो पासपोर्ट हाती आला की सारी युरोपीय बाजारपेठ खुली होई. सासष्टी-बार्देशातली कितीतरी कुटुंबे लिस्बनला न थांबता थेट इंग्लंडमधल्या स्विंडनला आणि लंडनमधल्या साउथॉलला पोहोचली. गोदामांत, कारखान्यांत, हॉटेलांत कामाला लागली. भारतीय नागरिकत्व सोडून घेतलेला हा हक्क ब्रिटनच्या युरोपीय सदस्यत्वावर उभा होता.

पाठवणाऱ्या देशांची बाजू या चर्चेत फार कमी ऐकू येते. २००० च्या जनगणनेत लॅटव्हियाची लोकसंख्या २३ लाख ८० हजारांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती सुमारे २० लाख ७० हजार भरली. जन्म कमी झाले हे एक कारण, तरुण निघून गेले हे दुसरे. रोमानियात शिकलेले डॉक्टर जर्मनी-फ्रान्सच्या रुग्णालयांत जाऊ लागले. अखेर सरकारला २०१८ मध्ये सरकारी डॉक्टरांचे पगार मोठ्या प्रमाणावर वाढवावे लागले. त्यांच्या शिक्षणाचा खर्च गरीब देशाने केला, फळ श्रीमंत देशाच्या रुग्णाला मिळाले आणि या देण्याघेण्याचा हिशेब कुठल्याही अंदाजपत्रकात नाही. जर्मनीतल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा पोलिश बायका करतात, त्यांच्या मागे घरी आजी नातवंडे सांभाळते. पोलिश भाषेत अशा मुलांसाठी ‘युरो-अनाथ’ हा शब्दच तयार झाला. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. गावाकडे आलेल्या पैशांतून घरे उभी राहिली, पोलंडमधली बेकारी ओसरली, आणि ओलिन समितीने म्हटल्याप्रमाणे पूर्वेकडची मजुरी खरोखर वर चढत गेली. फक्त त्याला एक पिढी लागली. एक पिढी म्हणजे एका माणसाचे सगळे कामाचे आयुष्य.

सामाईक चलनाने वेगळाच पेच आणला. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने तुटीला राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांची आणि कर्जाला ६० टक्क्यांची मर्यादा घातली. युरो घेतलेल्या देशाला चलनाचे अवमूल्यन करता येत नाही. अडचण आली की उरते ती मजुरी आणि सामाजिक खर्च यांवरची कात्री. फेब्रुवारी २०१२ मध्ये कर्जाच्या अटींखाली ग्रीसचे किमान वेतन महिन्याला ७५१ युरोंवरून ५८६ वर आले; पंचविशीच्या आतल्यांसाठी कपात ३२ टक्के होती. भारतासारख्या संघराज्यात एखादे राज्य अडचणीत आले तर केंद्राची तिजोरी असते. युरोपीय संघाचे अंदाजपत्रक सदस्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या साधारण एका टक्क्याएवढे आहे; त्यातून कोणाचा बेकारभत्ता निघत नाही. २०२० च्या साथीत मात्र नोकऱ्या टिकवण्यासाठी शंभर अब्ज युरोंपर्यंतची सामाईक कर्जयोजना आली. ग्रीसच्या वेळी अशक्य म्हटलेली गोष्ट आठ वर्षांत शक्य झाली. तेवढ्यात ग्रीसची एक तरुण पिढी होरपळून गेली होती.

अलीकडचा टप्पा किमान वेतनाचा. २०१७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये वीस सामाजिक तत्त्वांची घोषणा झाली आणि त्यांतून २०२२ चा किमान वेतन निर्देश निघाला. वेतन पुरेसे असावे आणि ज्या देशात ८० टक्क्यांहून कमी कामगार सामूहिक करारांखाली येतात त्याने ते प्रमाण वाढवण्याचा आराखडा करावा, असे तो सांगतो. विरोध आला तो मजुरी सर्वांत चांगली असलेल्या देशांकडून. डेन्मार्क न्यायालयात गेला, स्वीडनने साथ दिली. वॅक्सहोमचा अनुभव घेतलेल्यांना ब्रुसेल्सने मजुरीत लक्ष घालणेच नको होते, मग हेतू कितीही चांगला असो. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने दोन तरतुदी रद्द करून बाकीचा निर्देश कायम ठेवला.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. २०१६ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी नव्याने आलेल्या कामगारांचे भत्ते काही वर्षे रोखण्याची सवलत मिळवली होती. जूनच्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिल्यावर ती कागदावरच राहिली. मुक्त संचार २०२० च्या अखेरीस थांबला आणि गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला जाण्याची वाटही नव्यांना बंद झाली. आधी गेलेल्यांचे हक्क माघारीच्या कराराने राखले. बाजारपेठ सोडताना ब्रिटनने जो व्यापार आणि सहकार्य करार केला, त्याला सामाजिक सुरक्षेच्या समन्वयाचा एक जोडकरार आहे. एका वेळी एकाच देशाचा कायदा, सारखी वागणूक, वर्षांची बेरीज, पेन्शन मायदेशी नेण्याची हमी ही १९५८ ची चौकट त्यात उचललेली आहे. मायदेशी राहिलेल्या मुलांसाठीचा कुटुंबभत्ता मात्र गाळला. या जोडकराराची मुदत पंधरा वर्षांची आहे.